चौकातलं ऊन, गॅलरीतला वारा

15 मे रोजी दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. चौकाच्या मधोमध तुळशीवृंदावन असेल तर त्या घटकेला त्याच्या कुठल्याच बाजूला सावली सापडत नाही. चारी बाजूंची फरशी सारखी तापते. जुलैच्या अखेरीला असा दिवस पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे तो कधी आला नि कधी गेला ते कळतही नाही.

चौकाच्या घराचा विचार इथून सुरू करावा असं मला वाटतं. ‘मध्ये चौक ठेवला की घर गार राहतं’ हे वाक्य हल्ली मुंबईकरांच्या तोंडी फार आहे. कर्जतला, अलिबागला जागा घेतली की आर्किटेक्टकडे पहिली मागणी चौकाची. त्यामागची ओढ मला मनापासून पटते. भर उन्हाळ्यात वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकल्यावर अंगावर येणारा गारवा ज्याने अनुभवलाय, तो ते विसरत नाही. पण तो गारवा कुठून येतो, दिवसाच्या कुठल्या वेळी येतो आणि कुठल्या हवेत येतो हे न समजता बांधलेला चौक म्हणजे घराच्या पोटात ठेवलेला तवा.

आधी उन्हाचं गणित. चौकाची रुंदी आणि भोवतालच्या बांधकामाची उंची यांचं प्रमाण सगळ्यात महत्त्वाचं. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सकाळभर जवळजवळ थेट पूर्वेकडून चढतो आणि दुपारनंतर थेट पश्चिमेकडे उतरतो, म्हणून चौकाची पूर्व-पश्चिम रुंदी मोजायची. ही रुंदी उंचीच्या दुप्पट असेल, म्हणजे 10 फूट उंचीच्या घराला 20 फुटांचा चौक असेल, तर सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत फरशीवर कुठे ना कुठे ऊन असतंच. नऊ तास. रुंदी उंचीएवढी असेल तर साधारण साडेनऊ ते पावणेचार. रुंदी उंचीच्या निम्मी केली तर पावणेअकरा ते अडीच, म्हणजे पावणेचार तास. वीस फुटांचा तोच चौक एकमजली बंगल्यात तापत राहतो आणि दुमजली वाड्यात सावली धरतो, तो या हिशोबामुळे. चौक लांबट करायचा असेल तर लांबी दक्षिणोत्तर ठेवावी.

मग आणखी अरुंद का करू नये? कारण ऊन घटतं तसा उजेडही घटतो, पावसाळा संपला तरी फरशी वाळत नाही आणि दिवाळीपर्यंत शेवाळं राहतं. हिवाळ्यात तर भर दुपारीही सूर्य 47-48 अंशांपेक्षा वर चढत नाही. रुंदी आणि उंची सारखी असलेल्या चौकात तेव्हा दक्षिणेच्या भिंतीची सावली उत्तरेच्या भिंतीच्या पायाजवळ पोचते. जुन्या घरांत उत्तरेच्या अंगाचा, दक्षिणेकडे तोंड असलेला सोपा, म्हणजे चौकाकडे उघडी असलेली ओसरी, ही थंडीत बसायची, धान्य निवडायची, बाळाला तेल लावायची जागा असे, ती याच हिशोबाने.

पुणे मुंबईच्या थोडंसंच दक्षिणेला आहे, म्हणजे दोन्ही गावांचा सूर्य जवळजवळ एकच. तरीही पुण्याच्या वाड्यात चौक जे काम करतो ते मुंबईत करत नाही. फरक पडतो तो रात्रीमुळे.

पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी पारा 38 अंशांच्या आसपास जातो आणि पहाटे 20-21 पर्यंत उतरतो. सतरा-अठरा अंशांची ही दरी म्हणजेच वाड्याचं भांडवल. रात्री चौकातली दगडी फरशी आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, कोरड्या, निरभ्र आकाशाकडे आपली उष्णता सोडतात. त्यांच्यावरची हवा गार होते, जड होते आणि चौकाच्या तळाशी साठते, मग सोप्यातून, माजघराच्या उंबऱ्यावरून आत पसरते. दीड-दोन फुटांच्या भिंती रातभर हा गारवा पितात. विटेच्या जाड भिंतीतून उष्णतेची लाट दर इंचाला साधारण पाऊण तास या गतीने सरकते, म्हणजे दुपारचं ऊन दीड फुटाच्या भिंतीतून आत पोचायला बारा-चौदा तास लागतात. तोवर पहाट झालेली असते आणि बाहेर पुन्हा गार असतं.

मात्र हे सगळं आपोआप होत नाही, आणि वाड्याचं कौतुक करताना नेमकं हेच सुटतं. सकाळी आठ-नऊच्या सुमारास बाहेरच्या बाजूची दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, म्हणजे रात्रीची हवा आत कोंडून राहते. दिवसभर ये-जा दिंडीतून, मोठा दरवाजा बंद. ऊन कललं की चौकात सडा घालायचा आणि दिवेलागणीनंतर सगळं सताड उघडायचं. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे पाऊण युनिटला थोडी कमी वीज खर्चून मिळेल एवढी. दोन बादल्यांचा सडा हे साधं काम नव्हतं. घर रोज असं चालवणारं कुणीतरी, बहुतेक वेळा घरातली बाई, दिवसभर घरात असे. शनिवार-रविवारीच उघडणाऱ्या घरात तोच चौक तेवढा गार लागला नाही, तर दोष चौकाचा नाही.

वाड्याला मागचा चौकही असायचा. पुढचा फरसबंद, उन्हाचा. मागचा विहिरीचा, झाडांचा, ओलसर. पुढच्या चौकातली हवा तापून वर गेली की तिची जागा घ्यायला मागच्या चौकातली गार हवा माजघरातून पुढे येई. दोन चौकांच्या मधली खोली दुपारी सगळ्यात सुखाची, ती यामुळे. हल्लीच्या नकाशांत एकच चौक असतो, आणि घराची मागची भिंत कंपाउंडला चिकटलेली असते.

आता मुंबई. मे महिन्यात दुपारी 33-34 अंश, पहाटे 27. फरक जेमतेम सहा-सात अंशांचा. हवेत बाष्प इतकं की रात्रीचं आकाश पांघरुणासारखं वागतं, फरशीची उष्णता सुटता सुटत नाही. रात्रीचा गारवा साठवावा म्हटलं तर साठवायला गारवाच नाही. उलट जाड भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब दिवसभराचं ऊन पिऊन संध्याकाळनंतर आत सोडत राहतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: पाच इंची स्लॅब दुपारचं ऊन तीन-चार तासांनी खाली पोचवतो आणि मध्यरात्रीपर्यंत छत डोक्यावर भट्टीसारखं असतं. जुनं मंगलोरी कौल पातळ, फटींतून श्वास घेणारं; दिवसा तापतं, पण सूर्य गेला की तासाभरात निवतं. दमट किनाऱ्यावर झोपायच्या खोलीवर कौल आणि कोरड्या देशावर जाड माळवद, ही निवड आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्यांच्या घामातून केलेली आहे.

सड्याचंही तसंच. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथवर उतरतो, तिथवरच पाणी उडवून हवा गार करता येते. हवा 38 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारसारखी, तर हा पारा 21 अंशांवर येतो. 33 अंश आणि 65 टक्क्यांना, म्हणजे मुंबईत, तो साडेसत्तावीसलाच अडकतो. शिवाय आधीच दमट असलेल्या हवेत आपण आणखी पाणी ओततो, आणि अंगावरचा घाम वाळणं तेवढं अवघड होतं. नागपूरला जीव वाचवणारा वाळ्याचा कूलर दादर-परळला त्रासदायक होतो, आणि चौकातलं कारंजं इथे डोळ्यांना गार वाटतं, अंगाला नाही.

मग मुंबईत माणसाला सुख कशाने मिळतं? वाऱ्याने. माणसाच्या कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं आणि मुंबईची हवा बहुतेक दिवस त्याच्या खाली असते, त्यामुळे अंगावरून गेलेली प्रत्येक झुळूक काही ना काही उष्णता घेऊनच जाते. सेकंदाला मीटरभर वेगाने वाहणारी हवा दोन-तीन अंश कमी झाल्यासारखी वाटते. आणि या शहराला वारा देवाने भरभरून दिलाय. शाळेत शिकलेले खारे वारे दुपारी पश्चिमेकडून, वायव्येकडून येतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून तर झोडपतातच.

चौकाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. तापलेली हवा चौकातून धुराड्यासारखी वर जाईल आणि घरात वारा खेळवेल, असं सांगितलं जातं. आकडा मांडून पाहावा. 10 मीटर उंच चौकात हवा बाहेरच्यापेक्षा 3 अंशांनी गरम असली तर तिचा ओढा साधारण एक पास्कल भरतो. एवढाच दाब सेकंदाला 1.3 मीटर वेगाची झुळूक सहज देते, आणि समुद्रावरून येणारा दुपारचा वारा कितीतरी वेळा याच्या दुपटी-तिपटीने वाहतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून मुंबईत चौकाचं काम धुराड्याचं नाही. पश्चिमेच्या खिडकीतून आत आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट देणं, हे त्याचं काम. वाट नसेल तर वारा खिडकीशीच थबकतो; समुद्र समोर असूनही घरात पानही हलत नाही.

गिरगाव-लालबागच्या गॅलरीच्या चाळीकडे या नजरेने बघावं. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला चौकाकडे उघडणारी गॅलरी, मध्ये एकामागे एक दोन खोल्या. रस्त्याकडच्या खिडकीपासून गॅलरीच्या दारापर्यंत पंचवीसेक फुटांचं अंतर, छत दहा-अकरा फूट. वारा आरपार खेळायला हे अंतर छताच्या उंचीच्या पाचपटीच्या आत हवं असं मानतात. इथे ते जेमतेम अडीचपट आहे. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीला उभे गज आणि खालपर्यंत उघडणाऱ्या झडपा, त्यामुळे वारा जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंगावरून जातो. मधल्या दारावर झरोका, गॅलरीच्या दारावर पुन्हा झरोका. गॅलरी तीन-चार फुटांची: तेवढ्याने चौकाकडच्या भिंतीवर ऊन पडत नाही आणि पावसाची तिरपी सर दारापर्यंत येत नाही, म्हणजे जुलैमध्येही दार उघडं ठेवता येतं. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मुंबईत जीव सर्वांत जास्त कासावीस होतो तो मेमधल्या उन्हात नव्हे, पावसामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात तेव्हा.

सगळ्या चाळी अशा नाहीत. 1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींत मध्ये बंद बोळ आणि दोन्ही हातांना खोल्या आहेत. तिथे वारा आरपार जायचा तर आपलंही दार उघडं हवं आणि समोरच्या बिऱ्हाडाचंही. कित्येक घरांनी वर्षानुवर्षं ती उघडी ठेवली. तो शेजारधर्म खरा, पण नकाशाची उणीव माणसांनी भरून काढली हेही तितकंच खरं.

हेच कोडं आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत सोडवलं. मुंबईत घराचं तोंड पूर्व-पश्चिम ठेवलं तर वारा मिळतो, पण ऊन आणि पाऊसही त्याच दिशांनी येतात. जुने बंगले भोवती व्हरांडा गुंडाळून त्यातून वाट काढत. कोरियांनी 28 मजली इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंच बागेच्या गच्च्या कोरल्या आणि व्हरांडा आकाशात नेला. त्यांनीच नवी मुंबईत, बेलापूरला, सात-सात घरं 8 मीटर बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती बसवली. कमी खर्चाच्या वसाहतीतही हे जमतं, याचा तो पुरावा आहे.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि कोंदट, अंधाऱ्या खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला: खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे ओढलेली रेघ त्याहून जास्त उभी नसावी. सोप्या शब्दांत, समोरची मोकळी जागा उंचीच्या निम्मी तरी हवी. वर चौकाचा जो पावणेचार तासांचा हिशोब दिला, तो याच कोनाचा. वाड्याचा चौक बांधणारे गवंडी आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे इंजिनिअर वेगवेगळ्या वाटांनी एकाच हिशोबाजवळ आले होते.

आज पुनर्विकासाच्या योजनांत मोकळी जागा कमी सोडायची सवलत मिळते. 22 मीटर उंचीच्या दोन इमारती 3 मीटर अंतरावर उभ्या केल्या तर तो कोन 82 अंशांचा होतो. मेच्या मध्यावरही त्या फटीच्या तळाशी दिवसातून जेमतेम तासभर ऊन उतरतं, हिवाळ्यात बहुतेक नाहीच. खालच्या चार मजल्यांवर दिवसा दिवे लागतात, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. क्षयरोगाच्या शहरात ही गोष्ट गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल मला राग आहे.

चौक बिघडतो कसा तेही बघू. पहिली चूक वर पारदर्शक पत्रा घालण्याची. पाऊस नको, कबुतरं नकोत म्हणून चौक झाकतात. ऊन आत येतं, गरम हवा वर कोंडते आणि वरच्या मजल्याच्या खोल्या राहण्याजोग्या उरत नाहीत. झाकायचाच असेल तर पत्रा भिंतीच्या माथ्यापासून दीड-दोन फूट उचलावा, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या बसवाव्यात आणि पत्रा भिंतीच्या बाहेर दोन फूट काढावा, म्हणजे पाऊस अडतो आणि हवा सुटते. कबुतरांसाठी जाळी लावली तर तिच्यावरची धूळ दर दोन-तीन महिन्यांनी धुवावी. माखलेली जाळी वाऱ्याला पडद्यासारखी अडवते.

दुसरी चूक फरशीची. काळा ग्रॅनाइट तापतो, चकचकीत टाइल ऊन थेट सोप्यात फेकते आणि पावसात पाय घसरतो. खडबडीत शहाबादी किंवा जांभ्याचा चिरा लावावा, आणि मधला तुकडा मातीचाच राहू द्यावा.

तिसरी पाण्याची. बारा फूट चौरस चौक आणि आतल्या बाजूला उतरणारी सहाशे चौरस फूट कौलं धरली, तर तासाला 100 मिलिमीटरच्या पावसात तिथे सात हजार लिटर पाणी उतरतं. दर दहा सेकंदांना वीस लिटरची एक बादली ओतावी तसं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, हे ध्यानात ठेवून चार इंची दोन वाटा काढाव्यात, एकीचं तोंड पानांनी तुंबलं तरी दुसरी चालू राहील. चौकाची पातळी सोप्यापेक्षा किमान नऊ इंच खाली. उतार दहा फुटांना दोन इंच. पाइपापूर्वी गाळाची कुंडी, तिचं झाकण हाताने उचलता येईल असं. हौद केलात तर गप्पी मासे सोडा, नाहीतर डास होणारच. लाकडी खांब तळखड्यावरच, म्हणजे दगडी बैठकीवरच, उभे करा. फरशीत गाडलेला खांब काही पावसाळ्यांत बुडाशी कुजतो.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये चौक नसतो, डक्ट असते, म्हणजे इमारतीच्या पोटातली खालपासून वरपर्यंतची उभी पोकळी. तिच्याकडे पाइपांची आणि अडगळीची जागा म्हणून बघितलं जातं, पण आरपार वाऱ्याची दुसरी वाट अनेकदा तीच असते. दीड टनाचा एसी चालू असताना बाहेरचं युनिट साडेसहा किलोवॉटच्या आसपास उष्णता ओकतं. अशी आठ-दहा युनिटं एकाच डक्टमध्ये टांगली की तिच्याकडे उघडणारी प्रत्येक खिडकी कायमची बंद होते. ती युनिटं रस्त्याच्या बाजूला न्यावीत. गॅलरी आत घेऊन काच लावण्याआधी थांबावं. दोन पट्ट्यांवर सरकणारी खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते, आणि बाहेर उघडणाऱ्या जुन्या दोन झडपा जवळजवळ पूर्ण.

सोसायटीत हा विषय काढायचा असेल तर एक साधी चाचणी करता येते. दुपारी तीनच्या सुमारास, खारा वारा सुटलेला असताना, डक्टकडची खिडकी आणि पश्चिमेची खिडकी दोन्ही उघडाव्यात आणि मधल्या दाराच्या उंबऱ्यावर उदबत्ती लावावी. धूर डक्टकडे ओढला जात असेल तर वाट मोकळी आहे. सरळ वर जाऊन छताशी घुटमळत असेल तर खाली उतरून डक्टचा तळ बघावा. तिथे बहुतेकदा एखादं पत्र्याचं दार असतं, कुणीतरी बंद करून समोर जुनं कपाट उभं केलेलं. ते दार काढून तिथे जाळीचं दार बसवावं आणि दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, पुन्हा उदबत्ती लावावी.